नाक आपलं, झोप दुसऱ्याची

मराठवाड्यात झोप ही खासगी बाब नाही. उन्हाळा तापला की नांदेड-लातूरची निम्मी वस्ती रात्री गच्चीवर चढते. संध्याकाळी स्लॅबवर दोन बादल्या पाणी मारायचं (ज्या दिवशी नळ आला असेल त्या दिवशी), वाफ निघून गेली की सतरंज्या अंथरायच्या आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका ओळीत आडवं व्हायचं. दोन घरांच्या गच्च्यांमध्ये भिंत असते ती कमरेएवढी. त्यामुळे कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण बरळतं, कोण साडेअकराला घोरायला लागतं हे अख्ख्या गल्लीला पाठ. सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलं की शेजारचे काका विचारतात, "रात्री पाहुणे आलते का? नवीन आवाज होता."

अशा मुलखात रात्री नाकात प्लास्टिकची वस्तू घालून झोपायचं म्हणजे काय, याची कल्पना ती वस्तू काढणाऱ्या स्वीडिश डॉक्टरांना नसावी. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे कान-नाक-घसा तज्ज्ञ ब्यॉर्न पेट्रुसन यांनी १९८० च्या दशकात 'नोझोव्हेंट' नावाचं उपकरण तयार केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बंद खोली असेल, बाहेर बर्फ असेल आणि आत फार तर नवरा-बायको. गल्ली नसेल. काका तर नक्कीच नसतील.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी. मऊ प्लास्टिकची एक आखूड पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन चपट्या जिभा. पट्टी बोटांनी वाकवायची, जिभा दोन नाकपुड्यांत सरकवायच्या आणि सोडून द्यायची. पट्टी पुन्हा सरळ व्हायला बघते आणि त्या नादात नाकपुड्यांच्या भिंती बाहेर ढकलते. औषध नाही, वीज नाही, भोंगा नाही. पुढे त्याच्या सिलिकॉनच्या, कड्यांच्या, जाळीच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. आता त्या घरपोच येतात, लहान, मध्यम आणि मोठ्या मापात. माझं नाक मोठ्या मापात बसलं, हे घरात कुणाला नवल वाटलं नाही.

नांदेडात माझी खोली वेगळी आहे, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागला नाही. पण सुट्टीत लातूरला आक्काकडे गेलो आणि पहिल्याच रात्री गच्चीवर उशीला टेकून मी ती वस्तू बसवली.

"नाकात काय घातलास रे?" आक्कानं विचारलं.

"श्वास घ्यायला."

"मग आजवर कशानं घ्यायलास?"

पलीकडच्या गच्चीवरून काकांचा आवाज आला, "भाऊ आलाय का तुमचा? त्याला नथ टोचली का?"

आता नथीचा विषय काकांनीच काढला म्हणून सांगतो. बायका पिढ्यानपिढ्या नाकात सोनं-मोती घालून स्वयंपाक, शेती, लग्नं आणि भांडणं सगळं करत आल्या. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, श्वास येतो का? पुरुषानं चिमूटभर प्लास्टिक घातलं की चार गच्च्या जाग्या होतात. आणि ते प्लास्टिक तर दागिना म्हणूनही कुणाला दाखवता येत नाही. नाकाच्या टोकाखाली तेवढा एक पांढुरका दांडा दिसतो, आणि बॅटरीच्या उजेडात तो नको ते काहीतरी आहे असं वाटून पोरं रुमाल आणून देतात.

त्या रात्री झोप मला लागली, पण उपयोग आक्काला झाला. हे उपकरण नाकवाल्यासाठी नसतंच. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. तो पहाटे ताजातवाना उठून 'काल काय मस्त झोप लागली' म्हणतो आणि भोवतीची तांबारलेल्या डोळ्यांची माणसं त्याच्याकडे बघत राहतात. दुसऱ्यानं ऐकायचं, दुसऱ्यानं तक्रार करायची, दुसऱ्यानंच उपाय शोधून पैसे भरायचे. रुग्णाचं काम फक्त नाक देणं. सकाळी चहाला आक्का म्हणाली, "हे दाजींना बसंल का रे?"

दाजी म्हणजे लातूरच्या मार्केट यार्डातले आडते. त्यांच्या घोरण्याला मान आहे. वरातीच्या बँडनं झोपमोड झाली तर लोक तक्रार करतात, दाजींनी केली तर म्हणतात, मोठा माणूस आहे, दिवसभर उभा असतो.

दुपारी आडतीवर गेलो. हंगाम उतरला होता, काट्यावर कुणी नव्हतं, तुरीच्या धुळीत मुनीम पेंगत होते. म्हणजे चर्चेला सगळ्यांना वेळ होता. दिवसभर धड चालणारं नाक रात्रीच का बंद पडतं, असा विषय निघाला. मुनीमजी डोळे न उघडता म्हणाले, "खर्च वाचवायला. रात्री देव एक नाकपुडी बंद ठेवतो."

थट्टेत म्हणाले, पण खऱ्याच्या फार लांब नव्हते. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना रक्तानं फुगणाऱ्या गाद्या असतात. त्या आळीपाळीनं फुगतात आणि ओसरतात. काही तास डावी बाजू जास्त उघडी, काही तास उजवी. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्याकडचे स्वरयोगवाले त्याच्या कितीतरी आधीपासून चंद्रस्वर आणि सूर्यस्वर ओळखून होते. दिवसा ही पाळी आपल्याला कळतही नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त साचतं, गाद्या आणखी फुगतात, आणि कुशीवर वळलं की खालची नाकपुडी दुकान बंद करते. त्यातही काखेत दाब पडला तर त्याच बाजूचं नाक तुंबतं आणि पलीकडचं सुटतं. बैराग्यांजवळ तो आखूड कुबडीसारखा योगदंड असतो ना, तो नुसता टेकायला नसतो. काखेत घालून स्वर बदलायचं ते साधन आहे.

हे ऐकल्याबरोबर औशाहून आलेल्या एका शेतकऱ्यानं कोपऱ्यातल्या खोऱ्याचा दांडा काखेत घालून बघितला. "सुटलं की!" म्हणाला. कुठलं सुटलं ते त्याला सांगता येईना.

पण गाद्या फुगणं वेगळं आणि नाकाची भिंतच आत ओढली जाणं वेगळं. नाकपुडीच्या दारातून सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर आत गेलं की नाकातली सगळ्यात अरुंद जागा लागते. तिला झडप म्हणतात. काही माणसांची तिथली भिंत लेचीपेची असते. श्वास जोरात ओढला की ती आत येते आणि वाट मिटते. जेवढं जास्त ओढावं तेवढं जास्त मिटतं. पेट्रुसन यांची पट्टी टेकू देते ती इथे, फक्त इथे.

लातूरकराला हे रेल्वेनं सांगावं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, अडीच फुटांच्या रुळांवरून. बोगीत बसलेल्या माणसाचे गुडघे समोरच्याच्या पोटात. एकविसावं शतक उजाडल्यावर ते रूळ साडेपाच फुटांचे झाले, मग मुंबईची रात्रीची गाडी धावू लागली, आणि २०१६ च्या एप्रिलात शहर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून 'जलदूत' आली तीही याच रुंद वाटेनं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. वाट रुंद झाली की काय काय येतं हे लातूरला वेगळं शिकवावं लागत नाही. नाकात तर हिशेब आणखी फायद्याचा. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा पॉइझ्वेय यांच्या नावाचा नियम आहे. त्याप्रमाणे दाब तोच ठेवून नळी दहा टक्के रुंद केली तर प्रवाह सुमारे ४६ टक्के वाढतो. खरं नाक ही गुळगुळीत सरळ नळी नसते, आत वळणं असतात, भोवरे असतात, त्यामुळे पदरात एवढं पडत नाही. हे मी स्पष्ट सांगितलं. पण दाजींनी फक्त दहा आणि सेहेचाळीस एवढे दोनच आकडे ऐकले.

"सेहेचाळीस टक्के," ते मुनीमजींना म्हणाले. "कुठली पतपेढी द्यायलीय?"

आपली अडचण झडपेची आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. कॉटल यांच्या नावानं ती ओळखली जाते. नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच कानाकडे ओढायचा आणि नाकानं श्वास घ्यायचा. एकदम मोकळं वाटलं तर संशय झडपेवर, आणि आतून टेकू देऊन फरक पडण्याची आशा. काहीच वाटलं नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं. हे सांगून संपतं न संपतं तोच आडतीवरचे सगळे, दाजी, मुनीमजी, दोन हमाल आणि औशाचे पाहुणे, गाल कानाकडे ओढून बसले. तेवढ्यात रेणापूरकडचा एक शेतकरी सोयाबीनचा भाव विचारायला आला. त्यानं सगळ्यांची तोंडं बघितली, भाव पडला म्हणाला आणि न विचारताच परत गेला.

घरी मात्र निदान आधीच झालेलं होतं. आपल्याकडे नाकाची तक्रार केली की समोरचा माणूस, मग तो न्हावी असो की तलाठी, सांगतो, "हाड वाढलंय." हाड काही वाढलेलं नसतं. मधला पडदा वाकडा असतो किंवा आतल्या गाद्या सुजलेल्या असतात. पडद्याचा थोडाफार वाकडेपणा तर पुष्कळांना असतो आणि तो घेऊन माणसं सुखानं जगतात. पण वाकडं काहीतरी आहे म्हटलं की सोयरिकीत अडचण येते. हाड वाढलंय यात कशी भरभराट आहे.

उपाय तर प्रत्येकाकडे. आक्काच्या सासूबाईंनी तव्यावर ओव्याची पुरचुंडी शेकली. त्यांच्या जाऊबाईंनी गाईच्या तुपाचे दोन थेंब सांगितले. माझ्या भाच्यानं मोबाइलवर चुंबकाची कडी दाखवली: दोन लोहचुंबक नाकातल्या पडद्याला दोन्हीकडून चिमटा घेऊन बसतात आणि जाहिरातीतला माणूस झोपेत हसतो. वाट रुंद करण्याशी त्या चिमट्याचा काय संबंध, हे जाहिरातीत सांगितलेलं नाही; पण चुंबक म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. कुणी तरी बाम आणला. बाम चोळला की नाक उघडल्यासारखं वाटतं खरं, पण मेंथॉल फक्त गारव्याची जाणीव चेतवतो. रूळ तेवढेच राहतात, स्टेशनला रंग दिलेला असतो.

शेजारचे काका थेंबवाले. हा एक वेगळाच पंथ आहे. उशीखाली छोटी बाटली, प्रवासात खिशात बाटली, लग्नात अक्षता आणि बाटली एकाच मुठीत. नाक उघडणारे हे थेंब चार-पाच दिवस वापरायला ठीक. त्यापुढे नाकाला त्यांची चटक लागते. औषध उतरलं की गाद्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब, की पुन्हा गाद्या. काकांचं नाक वाजपेयींच्या कारकिर्दीपासून थेंबांवर चाललंय. सोडा म्हटलं तर म्हणतात, "बाकी काही व्यसन नाही बाबा मला."

नांदेड जिल्ह्याचा म्हणून एक स्वतंत्र उपाय आहे, तो म्हणजे धर्माबाद. हंगामात तिथल्या मिरचीच्या बाजारात पाऊल ठेवलं की कसलंही नाक उघडतं, सोबत डोळेही वाहतात आणि जुनी भांडणं आठवतात. रात्री मात्र तिथे झोपायची सोय नाही.

आणि रोगाचा पुरवठाही घरचाच. मळणी यंत्रामागचा भुसा, डाळ मिलची धूळ, रस्त्याकडेचं गाजर गवत. ते १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याच्या परागांनी शिंकांच्या माळा लागतात. आपल्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. नेते पक्ष बदलून गेले, गवत अजून जागेवर आहे. ज्याचं नाक अशा ॲलर्जीनं तुंबतं त्याला प्लास्टिकचा टेकू फारसा पुरत नाही. सुजलेली गादी टेकूला दाद देत नसते. त्यानं डॉक्टरकडेच जावं.

काकांची खरी हरकत निराळी होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर कोपर टेकून ते म्हणाले, "हे विदेशी खूळ आहे. आपल्या संस्कृतीत नाकात काही खुपसून झोपत नव्हते."

झोपत होते. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक नव्यानं घडवण्याची कृती आहे, आणि तिच्यात श्वास चालावा म्हणून नव्या नाकात दोन नळ्या घालायला सांगितल्या आहेत. एवढं जुनं नको असेल तर पुण्याजवळचं घ्या. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला देठ शाबूत ठेवून खाली फिरवली आणि बसवली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचं त्यात नमूद आहे. आणि त्याच पत्रात हेही आहे की दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालतात. पुढे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला हीच पद्धत वापरून नाक घडवलं. त्या कारागिराचं नाव मात्र पत्रात नाही. कावसजीचं आहे, त्याचं चित्रही काढलेलं आहे. ज्यानं नाक दिलं तो तसाच गेला. म्हणजे नाकपुडी आतून उघडी ठेवण्याचा पुण्याकडचा पुरावा स्वीडनपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी जुना निघाला.

काकांनी ऐकून घेतलं आणि लगेच मोबाइल उघडला. सकाळपर्यंत तीन ग्रुपांवर आलं होतं की नोझोव्हेंटचा शोध नांदेडला लागला असून कावसजी मूळचे कंधारचे.

अमेरिकनांनी हाच विचार बाहेरून केला. नाकाच्या दांड्यावर आडवी चिकटपट्टी लावायची, तिच्यातल्या लवचीक काड्या सरळ होताना नाकपुड्या वर उचलतात. 'ब्रीद राइट' या पट्टीला तिथे १९९३ मध्ये परवानगी मिळाली आणि दीड-दोन वर्षांत त्यांच्या फुटबॉलचे गडी ती लावून मैदानात दिसू लागले. चांगली वस्तू आहे, पण तिला कोरडं नाक लागतं. लातूरच्या मे महिन्यात ती पहाटे उशीवर सापडते, नाहीतर शेजारी झोपलेल्याच्या पाठीवर. आतली वस्तू निदान जोरदार शिंक येईपर्यंत तरी घरात राहते.

गच्चीनंतरचं दुसरं सार्वजनिक शयनगृह म्हणजे मुंबईला जाणारी रात्रीची गाडी. तिथे मी ती घालून बसलो असताना टीसी आले. त्यांनी तिकीट बघितलं, नाक बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं आणि ओळखपत्र मागितलं. बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाले, "यात नाक वेगळं दिसायलंय." वरच्या बर्थवरच्या बाईंनी डोकं खाली काढून विचारलं, "आमच्या ह्यांना मिळंल का हो?" हे मला पुढे सगळीकडे आढळलं. पुरुष हसतात, बायका किंमत विचारतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही, आणि ती मी आक्काला बाजूला घेऊन सांगितली. घोरता घोरता माणूस मध्येच गप्प होत असेल, छाती हलते पण हवा जात नाही, आणि काही सेकंदांनी दचकून, गुदमरल्यासारखा श्वास घेत असेल. दिवसा गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या काढत असेल. तर दोष नाकाचा नसून घशाचा असू शकतो. झोपेत घसा मिटतो. त्याला नाकातलं कडं पुरत नाही. झोपेची तपासणी करून घ्यावी लागते, आणि गरज पडली तर हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र लावावं लागतं. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पुढे आणलं. आक्का म्हणाली, "गप्प झाले की मीच दचकून उठते. आवाज असला की झोप लागती." दाजींना डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत घसा बरा निघाला. झडप लेचीपेची, पडदा किंचित वाकडा, वजन कमी करा. शेवटची सूचना दाजींना ऐकू आली नाही.

मग संध्याकाळी गंजगोलाईकडे एका औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं डबी उघडून वस्तू काउंटरवर ठेवली. दाजींनी ती तुरीचा नमुना बघावा तशी तळहातावर घेतली, दोन बोटांत वाकवून सोडली, वाकवून सोडली.

"किती?"

दुकानदारानं किंमत सांगितली.

"मला सांगा," दाजी म्हणाले, "एका वेळी एकच नाकपुडी चालती म्हणतेत ना? ह्या आमच्या मेव्हण्यानंच सांगितलं आडतीवर, सगळ्यांसमोर."

"जास्त करून एक चालते," मी म्हणालो.

"मग दोन्हीचं कशाला? एका बाजूचं द्या, निम्म्या पैशात."

दुकानदारही लातूरचाच. त्यानं तोंडाची रेघ हलू दिली नाही. "कुठल्या बाजूचं देऊ?"

दाजींनी आक्काकडे बघितलं. "ही झोपती त्या बाजूचं."